बद्रुद्दीन मास्तरांचे कान

कुकर उडाला तेव्हा बद्रुद्दीन मास्तर त्याच्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. फरीदाबी दळण आणायला निघताना सांगून गेली होती, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मास्तरांनी मान हलवली होती. अलीकडे ते सगळ्यालाच मान हलवत. शिट्ट्या झाल्या, होतच राहिल्या, मग डाळीचा फेस नळीत अडकला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडून तुरीची डाळ छताला जाऊन चिकटली. हा आवाज मात्र मास्तरांना ऐकू आला. पेपर खाली ठेवून त्यांनी छताकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

वरच्या खोलीतून सून राबिया धावत खाली आली. तिनं आधी गॅस बंद केला, मग सासऱ्यांचे हात आणि चेहरा नीट बघितला. कुठं भाजलं नव्हतं. ती काहीतरी म्हणाली. मास्तरांनी मान हलवली.

त्या रविवारी त्यांच्या मुलानं, झिशाननं, रांजणगावच्या कंपनीतून सुट्टीवर येताच मोबाईलवरून कानाच्या मशीनची ऑर्डर टाकली. बापाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, कारण एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगूनही ते कान तपासायला गेले नव्हते. "कानाला काय झालंय? लोकच तोंडातल्या तोंडात बोलत्यात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

बद्रुद्दीन मास्तर शिरूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत राहत. सगळी हयात त्यांनी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं होतं. त्यातली बरीचशी वर्षं निमोण्याच्या जालिंदरच्या बँडमध्ये गेली. जालिंदर आणि ते एकाच वयाचे, एकाच उस्तादाकडे शिकलेले. जालिंदर ट्रम्पेट वाजवायचा, पुढं त्यानं स्वतःचा बँड काढला, गाडी घेतली, गाडीवर कीबोर्ड आणि भोंगे चढवले. मास्तर त्याचे पहिले वादक. शिरूर तालुक्यात लग्न असलं की लोक तारीख धरताना विचारायचे, मास्तर आहेत ना? तीन वर्षांपूर्वी एका लग्नात दोघांचं बिनसलं. मास्तर आपली पेटी घेऊन एसटीनं घरी आले ते परत गेले नाहीत. काय झालं ते घरात कुणाला सांगितलंही नाही. एवढंच म्हणाले, "मला काढून टाकलं. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यायची आसंल त्याला."

राबिया लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिचं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. शिरूरमध्ये ती एका मोबाईलच्या दुकानात दुपारपर्यंत काम करायची. काचा बसवण्यापासून जुन्या फोनमधला सगळा पसारा नव्या फोनमध्ये टाकून देण्यापर्यंत तिला सगळं येत होतं. पण सासऱ्यांशी तिचं बोलणं कधी झालंच नाही. सुरुवातीला तिनं प्रयत्न केला. ती विचारायची, "अब्बा, चहा ठेवू?" आणि मास्तर म्हणायचे, "हां, झिशान येईल संध्याकाळी." मग तिनं बोलणं सोडलं. चहाचा कप दाखवायचा, औषधाची पट्टी दाखवायची, जेवणाच्या वेळी दारात उभं राहायचं. मास्तरांना वाटायचं, पोरगी कामाला चांगली आहे पण अबोल आहे. थोडी शिष्टच.

पार्सल आलं त्या दिवशी राबिया दुकानातून लवकर परतली. डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. आत दोन मशिनं, शेंगदाण्याएवढी, कानामागं बसतील अशी, त्यांना केसासारखी बारीक नळी. डबीतच चार्ज होणारी. मास्तरांनी एक बोटांत धरून फिरवून बघितलं.

"ह्याच्यात सेल कुठं घालायचा?" त्यांनी विचारलं.

राबियानं चार्जरची वायर दाखवली. तिला सवय झाली होती दाखवायची.

मशीन कानात घालून लगेच ऐकू येईल असं मास्तरांना वाटलं होतं. तसं नव्हतं. फोनमध्ये ॲप घ्यायचं, ते मशिनाला जोडायचं, मग ॲप कानात एकेक आवाज सोडणार, आवाज आला की फोनवरचं गोल बटण दाबायचं. राबियानं पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, हे सगळं हातवारे करून समजावलं. मास्तर मांडी घालून बसले. जाड, घुमणारे आवाज आले तेव्हा त्यांनी पटापट बटण दाबलं. मग ते नुसते बसून राहिले. बोट बटणावर, नजर भिंतीवर. बराच वेळ झाला.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

संपलं नव्हतं. आवाज येत होते. खोलीत इतकी शांतता होती की शेजारी बसलेल्या राबियाला त्यांच्या कानातून बाहेर पडणारी बारीक टिकटिक ऐकू येत होती. ज्याच्या कानात ती वाजत होती तो माणूस भिंतीकडे बघत बसला होता. राबियानं काही दाखवलं नाही. तपासणी पूर्ण झाल्यावर फोनवर एक रेष आली. डावीकडं वर, मग घाटातल्या रस्त्यासारखी खाली खाली गेलेली. खाली लिहिलं होतं की जाड आवाज ठीक ऐकू येतात, बारीक आवाज फार कमी. राबियाला आता कळलं, ह्यांना ढोल ऐकू येतो आणि आपलं बोलणं का नाही.

तिनं ॲपमध्ये सगळं लावलं आणि म्हणाली, "अब्बा, आता आलं का ऐकू?"

मास्तरांनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांना वाटलं होतं तिचा आवाज पातळ असेल. तो जरा घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा.

"तुला सर्दी झालीया का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. माझा आवाजच असा हाय."

"व्हय का," मास्तर म्हणाले, आणि पेपर उचलला. पेपर असा कडकडला की त्यांनी तो टाकून दिला.

पहिला दिवस वाईट गेला. मोरीत भांडी घासली जात होती ती कुणीतरी त्यांच्या डोक्यात घासतंय असं वाटत होतं. चप्पल फरशीवर घासायची. मिक्सर लागला तेव्हा ते अंगणात निघून गेले. तिथं कुणाच्या तरी घराच्या पत्र्यावर कावळा चालत होता आणि त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. स्वतःचं बोलणं त्यांना माठात तोंड घालून बोलल्यासारखं लागायचं. संध्याकाळी ॲपनं विचारलं, तुमचा अनुभव कसा आहे, किती तारे द्याल? राबियानं फोन पुढं केला.

"एक दे," मास्तर म्हणाले. "आन् लिव्ह, भांडी लई वाजत्यात."

"हे भांड्याचं मशीन न्हाई, अब्बा."

"मला काय माहीत. आधी भांडी वाजत नव्हती."

राबिया हसली. तिला हसताना त्यांनी आधीही पाहिलं होतं, पण तिचं हसू असं फुटकन येतं आणि मग थांबतच नाही, हे त्यांना त्या दिवशी समजलं. तिनं खरंच एक तारा दिला आणि ते वाक्य लिहिलं.

हळूहळू कान सरावले. ॲपमधला आवाज राबियानं कमी करून दिला. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की ही अबोल पोरगी अजिबात अबोल नव्हती. भाकऱ्या थापताना ती तव्याशी बोलायची, पिठाशी बोलायची, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. फरीदाबीही तिच्याशी असं काही काही बोलायची जे मास्तरांशी कधी बोलली नव्हती. मास्तर बाहेरच्या खोलीत बसून ऐकत राहायचे. कानावरून टोपी ओढली की मशीन दिसायचं नाही, आणि घरातल्या बायका दोनच दिवसांत ते विसरूनही गेल्या होत्या. इतकी वर्षं या माणसासमोर काहीही बोललं तरी चालत होतं.

आठवड्याभरानं शेजारच्या गिताबाई मेथीची जुडी निवडायला म्हणून येऊन बसल्या. निमोण्याकडच्या कुठल्या लग्नाचा विषय निघाला. बँड जालिंदरचाच होता, असं गिताबाई म्हणाल्या. "पर आपल्या मास्तरांसारखं वाजवणारं कोण न्हाई राह्यलं बघा. उगा भांडान केलं त्या जालिंदरनं."

फरीदाबी म्हणाली, "खरं सांगू का, जालिंदरभावजींचं काय चुकलं न्हवतं. सूर सुटत व्हता ह्यांचा. लोक त्वांड फिरवून हसायचे. मी डोळ्यानं बघितलंय. बंद झालं तेच बरं झालं."

"आवं, ऐकतील ना," गिताबाई म्हणाल्या.

"त्यांना कुठं येतंय ऐकू," फरीदाबी सवयीनं म्हणून गेली. मग तिचा हात मेथीत तसाच राहिला.

बाहेरच्या खोलीत मास्तर हलले नाहीत. त्या दुपारी ते जेवले, झोपले, उठून मशिदीत जाऊन आले. फरीदाबी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, सुटले, ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी राबिया दुकानातून आली तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर तिची वाट बघत बसले होते.

"मांडवगणच्या लग्नातली वरात. मी वाजवलेली शेवटची," ते म्हणाले. "मोबाईलवर टाकत्यात ना लोक? सापडंल का?"

राबियाला शोधायला वेळ लागला नाही. शूटिंगवाल्यानं वरात पूर्ण टाकून ठेवली होती. तिनं फोन पायरीवर उभा केला आणि चालू केला. गाडी आली, दिव्यांच्या छत्र्या आल्या, लाल कोट घातलेली माणसं आली. मध्ये मास्तर होते, गाल फुगवलेले. क्लॅरोनेटचा लांब सूर लागला आणि मास्तरांनी झटक्यात हात कानाकडं नेला. सूर थरथरत होता, पाण्याखालून आल्यासारखा डुचमळत होता.

"हे मशीन चुकीचं ऐकवतंय," ते म्हणाले. "आसा सूर कुणाचाच नसतो."

त्यांच्या आवाजात सुटका होती. राबियाला ती समजली. फरीदाबीनं आदल्या दिवशीचं सगळं तिला सांगितलं होतं. तिला तिथंच थांबता आलं असतं. पण ती दिवसभर लोकांचे बिघडलेले फोन बघणारी होती, आणि मशीन चुकतंय म्हटल्यावर काय चुकतंय ते बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. तिनं दुसऱ्या कुणाचं तरी क्लॅरोनेट शोधून लावलं. तेही तसंच डुचमळलं. मग ती ॲपमध्ये शिरली. ॲप हिंदीत आणि इंग्रजीत होतं. वाचत वाचत तिला सापडलं. मशीन कानात शिट्टी वाजू नये म्हणून एकसारखा लांब आवाज दाबून टाकत होतं. क्लॅरोनेटचा लांब सूर त्याला शिट्टीच वाटत होता.

"म्हंजी मी वाजवतो त्याला ते बिघाड समजतंय?" मास्तर म्हणाले.

"व्हय. ते बोलण्यासाठी केलंय. पण हितं संगीताचं वेगळं बटण हाय. थांबा."

तिनं बटण फिरवलं. परक्या माणसाचं क्लॅरोनेट पुन्हा लावलं. या वेळी सूर सरळ आला, गोल, स्वच्छ. मास्तरांनी डोळे मिटले. बऱ्याच वर्षांत त्यांनी असा सूर ऐकला नव्हता. मग त्यांनी हातानंच खूण केली, आता माझं लाव.

मांडवगणची वरात पुन्हा सुरू झाली. सूर आता थरथरत नव्हता, पण तो वर गेलेला होता. कीबोर्ड एकीकडं चालला होता आणि क्लॅरोनेट त्याच्या डोक्यावरून दुसरीकडं. मध्येच वाजवणाऱ्यानं एक जागा सोडून पुढची धरली आणि बाकी सगळे घाईनं त्याच्या मागं आले. पडद्यावर जालिंदरनं ट्रम्पेट तोंडावरून काढला, मास्तरांकडे बघितलं आणि परत लावला. कडेला उभे असलेले दोन तरुण एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते.

मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"तुझ्या कानाला कसं लागतं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

राबिया म्हणाली, "मला सुरातलं काय कळत न्हाई, अब्बा. पण ते दुसरं ऐकलं आन् हे ऐकलं, तर हे बरं न्हाई लागत."

मास्तरांनी मान हलवली. या वेळी ऐकून हलवली.

"उद्या दुकानातून आलीस की मला निमोण्याला सोडशील?"

स्कूटीवर वाऱ्याचा आवाज मशीनमध्ये इतका भरला की शिरूर सुटताच मास्तरांनी दोन्ही मशिनं काढून डबीत टाकली आणि डबी शर्टाच्या खिशात ठेवली. वाटेत राबिया काहीतरी विचारत होती, ते त्यांनी तसंच जाऊ दिलं. निमोण्याला उतरल्यावर आधी मशिनं कानात घातली, मग टोपी सारखी केली.

जालिंदर झेंडूच्या वाफ्यात होता. तोडणी चालू होती. सहा-सात बायका ओळीनं वाकलेल्या, बांधावर भरलेली क्रेटं. त्यानं मास्तरांना येताना पाहिलं, पण तो जागचा हलला नाही. हातातली फुलं क्रेटात टाकली, हात धोतराला पुसले आणि मोठ्यानं ओरडला, "काय काम काढलं?"

"वरडू नगंस," मास्तर म्हणाले. "येतंय ऐकू."

जालिंदर जवळ आला. त्यानं टोपीखाली वाकून बघितलं. "बसवलं?"

"बसवलं."

"कवा?"

"झाला आठवडा."

दोघंही बांधावर बसले. राबिया स्कूटी सावलीत लावून तिथंच थांबली. मग मास्तर म्हणाले, "मांडवगणची वरात ऐकली मोबाईलवर. लई बेसूर वाजवलं मी."

"त्याच्या आधीपास्नं चाललं व्हतं," जालिंदर म्हणाला. "कीबोर्डवाला वाढवून वाजवायचा, म्हंजी तुझं झाकलं जाईल. कवा कवा मी तुझा माईक बंद करायचो. तुला कळायचं न्हाई."

"मला सांगायचं तरी. माणूस आसं एकदम काढून टाकतं का?"

"कुणी काढून टाकलं?"

"तू. गाडीवर, जनरेटरच्या शेजारी उभा राहून सगळ्यांदेखत म्हनलास. सामान काढून घे."

जालिंदर त्यांच्याकडे बघतच राहिला. "सामान?"

"सामान काढून घे. मी माझ्या कानानं ऐकलं."

"आरं, कान तपासून घे म्हनलो मी!" जालिंदर पुन्हा ओरडला. वाफ्यातल्या बायका माना वर करून बघू लागल्या. "कान! कान तपासून घे. आन् तू पेटी उचलली आन् चालता झालास. मी मागनं हाका मारल्या. तुझ्या दारात दोनदा आलो, तू आत बसून फरीदावैनींना सांगितलंस, घरात न्हाई म्हनून सांग. मी बाहेर उभा, आन् तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. मग मी बी म्हनलो, जाऊ दे मसणात."

मास्तरांनी ओठ हलवून दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. कान तपासून घे. सामान काढून घे. त्या दिवशी जनरेटर धडधडत होता, ढोलवाला कातडं ताणत होता, पोरं फटाके लावत होती. जाड आवाज तेवढे येत होते. बाकीचं त्यांनी आपल्या मनानं भरलं होतं, आणि मनात तेव्हा आधीपासूनच भीती होती की हा आपल्याला काढणार. बोटं कुठं चुकतायत ते त्यांना उमगत नव्हतं, पण लोकांची तोंडं दिसत होती.

"तीन वर्षं," मास्तर म्हणाले.

"गेली ती," जालिंदर म्हणाला. त्यानं जवळच्या झाडाचं एक वाळकं फूल खुडून फेकलं. "मला बी राग व्हता. मी बी परत आलो न्हाई."

घरातून जालिंदरच्या सुनेनं चहा पाठवला. चहा पिताना जालिंदरनं राबियाला जवळ बोलावून मशीनविषयी सगळं विचारून घेतलं. किती वेळ चालतं, पाण्यात भिजलं तर काय, ढोलाजवळ उभं राहिलं तर आवाज फाटतो का. राबियानं तिला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाली. मग तो मास्तरांकडे वळला.

"वरातीत न्हाई जमायचं तुला. तिथं आता डीजे आसतोय, माझंच कुणी ऐकत न्हाई. पण नवरदेव मारुतीच्या पाया पडाया निघतो ना, तवा संथ चाल लागते. तेवढं वाजवशील का?"

"चुकलं तर?"

"चुकलं तर सांगीन. आता सांगता तर येईल."

मास्तरांनी घरी पेटी उघडली तेव्हा क्लॅरोनेटच्या सांध्यांवरचं बूच वाळून सुटलं होतं. फुंकायच्या टोकाला लावायच्या वेताच्या नव्या पत्त्याही पुण्याहून मागवाव्या लागल्या. पहिले काही दिवस ओठ धरत नव्हता, थोडं वाजवलं की गाल दुखायचे. मशीन संगीताच्या बटणावर ठेवून ते दुपारी गच्चीवर बसायचे. एकदा राबिया कपडे वाळत घालायला वर आली तर ते एकच सूर लावून बसले होते. लावायचे, थांबायचे, पुन्हा लावायचे.

"आज एवढंच का, अब्बा?" तिनं विचारलं.

"हा सरळ आला की मग बाकीचं," ते म्हणाले.

फरीदाबीनं एके रात्री जेवण वाढताना विषय काढला. "मी गिताबाईंना बोलले ते तुम्ही ऐकलं व्हतं ना?"

"ऐकलं."

"मग राग न्हाई आला?"

"आला. तू मला तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं," फरीदाबी म्हणाली. "किती वेळा सांगितलं. तुम्ही मान हलवायचे."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवण अजून थोडं मागून घेतलं.

पहिली सुपारी मांडवगण फराट्याचीच आली. संध्याकाळी नवरदेव घोड्यावर बसला, बायका औक्षणाला पुढं आल्या, आणि जालिंदरनं मास्तरांना मधल्या ओळीत उभं केलं, स्वतः त्यांच्या डाव्या हाताला राहिला. लाल कोट जुनाच होता, आता जरा ढगळ झालेला. संथ चाल सुरू झाली. क्लॅरोनेटचा सूर लागला. तो सरळ होता. मास्तरांना कीबोर्ड ऐकू येत होता, जालिंदरचा ट्रम्पेट ऐकू येत होता, घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाजही येत होता. गल्लीत उभे असलेले दोन-चार म्हातारे मास्तरांना ओळखून हात वर करत होते. एका वळणावर जालिंदर कानाशी येऊन म्हणाला, "वर चाललास," आणि मास्तरांनी ओठ ढिला करून सूर खाली आणला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मारुतीचं देऊळ समोर दिसत असताना कानात एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. मास्तरांना काही समजलं नाही. बाई पुन्हा बोलली, टिण् असा आवाज झाला, आणि डावं मशीन बंद पडलं. पाठोपाठ उजवं. सगळी गल्ली एकदम लांब गेली. ढोल राहिला, बाकी सगळं पुसलं गेलं. दुपारभर गच्चीवर वाजवत बसले होते, त्यात मशिनं चार्जिंगला लावायची राहून गेली होती.

त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. जालिंदरकडे बघून फक्त डोक्यानं नकार दिला. जालिंदरला क्षणभर कळेना, मग कळलं. ट्रम्पेट त्यानं एका हातात धरला आणि दुसरा हात मास्तरांच्या पाठीवर ठेवून तो बोटांनी ठेका देऊ लागला. मास्तर त्याच्या बोटांवर चालत राहिले. सूर दातांतून हाडात उतरत होता, तेवढाच त्यांना लागत होता. चाल त्यांच्या बोटांत पक्की होती. देवळाच्या पायरीशी पोहोचल्यावर जालिंदरनं पाठीवर थाप मारली आणि मास्तरांनी शेवटचा सूर सोडला.

नवरदेव पाया पडायला आत गेला. मास्तरांनी क्लॅरोनेट काखेत धरलं, घाम पुसला आणि विचारलं, "कसं झालं?"

जालिंदरनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले. "आर्ध्यापर्यंत चांगलं झालं!" तो मास्तरांच्या कानात ओरडला. "शेवटाला दोन ठिकाणी घसरलास!"

"कुठं कुठं?"

"पाराजवळ, आन् हितं पायरीपाशी!"

घोडा धरून उभा असलेला माणूस हसू लागला. मास्तरही हसले. मग त्यांनी ती पाराजवळची जागा बोटं नुसती चालवून तिथंच पुन्हा करून बघितली, तोंडाला न लावता, आणि जालिंदरनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी परत केली.

"हां, आता!" जालिंदर त्यांच्या कानाशी ओरडला.

देवळातून नारळ फुटल्याचा गलका झाला. गल्लीच्या टोकाला डीजेची गाडी वळत होती. तिचा पहिला दणका आला तसा जालिंदरनं मास्तरांचा दंड धरला आणि दोघं जेवणाच्या मांडवाकडं निघाले.